डावा हात

“दुसरा हात, मॅडम! दुसरा हात!”

खालून पंच पोरगा ओरडत होता. असेल एकोणीस-वीस वर्षांचा, गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला चिमटा लावून अडकवलेला कागद. आणि मी वर, जमिनीपासून जेमतेम चार मीटरवर, उजव्या हातानं एक पिवळा गोळा धरून भिंतीला चिकटले होते. तो गोळा म्हणजे शेवट. त्याला दोन्ही हात लावायचे, क्षणभर स्थिर राहायचं, पंच ‘ओके’ म्हणतो, झालं. उजवा हात पोचला होता. पकडही चांगली बसली होती, गोळ्याच्या मागे खोबण होती आणि चारही बोटं आत गेली होती. अडलं होतं ते डाव्यापाशी. डावा हात खाली, छातीच्या उंचीवर, दुसऱ्या एका पिवळ्या तुकड्यावर होता आणि तिथून निघत नव्हता. मी घाबरले होते का? नव्हते, खरंच सांगते. दमले होते, पण हात उचलता येऊ नये इतकी नाही. मी मनात म्हणत होते, निघ बाबा, वर ये, वीतभर तर अंतर आहे. हात आपला तिथंच, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. खाली पोरांनी उलटे आकडे मोजायला घेतले, पाच, चार, तीन, आणि शिट्टी वाजली.

कागदावर नोंद झाली: टॉप नाही.

जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवांचा धडाका चालू होता. आमच्या तालुक्याच्या गावात, शकुंतला रेल्वेच्या गवतात बुडालेल्या रुळांच्या पलीकडे, कापसातून सरकी काढायचं एक जुनं जिनिंग आहे. मशिनी कधीच्याच भंगारात गेल्या, मागे राहिलं उंच टिनाचं शेड. गावातल्या काही पोरांनी वर्गणी करून त्यात प्लायवूडची चढायची भिंत उभी केली आहे. भिंतीला शेकडो भोकं, प्रत्येक भोकामागे नट ठोकलेला, आणि त्यात बोल्टनं आवळलेले रंगीबेरंगी तुकडे. कुणी बटाट्यासारखा, कुणी शंकरपाळ्याएवढा, कुणी पालथ्या कढईसारखा. एका रंगाचा एक रस्ता. पिवळ्यावरून निघालात की लालला बोटसुद्धा लावायचं नाही. शिकवणारा मुलगा या तुकड्यांना जग, क्रिंप, स्लोपर असलं काहीबाही म्हणतो. आमच्या शाळेतल्या पोरांनी त्यांचं आठवड्याभरात बारसं करून टाकलं. हाताला भरभक्कम लागतो तो ‘कान’, नखाएवढी कड असते ती ‘चिमटी’, आणि गुळगुळीत, कुठूनही धरा हातातून निसटणारा तो ‘हेडसर’. आमच्या हेडसरांना हे अजून माहीत नाही.

त्या शेडमध्ये पहिल्यांदा शिरले तेव्हा नाकात आधी सरकीचा वास गेला. इतक्या वर्षांनंतरही तो गेलेला नाही, जमिनीच्या भेगांमधून येतो की काय कोण जाणे. वर कैच्यांवर, लोखंडी पट्ट्यांच्या सांध्यांत, कापसाचे पांढरे पुंजके अजून अडकून आहेत. उन्हाची तिरीप आली की ते चमकतात. आणि खाली पोरं हाताला पांढरी पूड फासून टाळ्या वाजवतात, तिचाही धूर वर जातो. वरचं पांढरं आणि खालचं पांढरं मध्ये कुठंतरी भेटत असणार. मला ती पूड आधी खडूचीच वाटली. अठरा वर्षं फळ्यापुढे काढली, खडू माझ्या पदराला, पर्सला, पोळीलासुद्धा लागलेला असतो. पण ही वेगळी, मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्याचा खडू बहुतेक जिप्समचा असतो. खडूनं हात नुसते कोरडे पांढरे होतात, हिनं घाम शोषला जातो आणि बोटांना एक किरकिरा ताठरपणा येतो. दोन दगड एकमेकांवर घासल्यासारखा. मला तो स्पर्श इतका आवडला की घरी येताना मी हात धुतले नाहीत. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, “भाकरी टाकता टाकता निघाल्या काय ताई?”

चढायच्या आधी आम्हाला पडायला शिकवलं. या प्रकारात दोर नसतो, भिंतच बुटकी. खाली फोमच्या जाड गाद्या, त्यांवर ताडपत्री. पडायचं ते दोन्ही पायांवर, गुडघे सैल सोडून, मग बसकण मारत पाठीवर लोळायचं. हात छातीशी घट्ट. मागे हात टेकवायचा नाही, मनगट जातं. पोरं हे दोन मिनिटांत शिकली. मला अर्धा तास लागला. त्रेचाळिसाव्या वर्षी, साडीऐवजी मुलीची ट्रॅकपँट घालून, आपल्याच विद्यार्थ्यांसमोर बदाबदा पडायचं, त्याला गुडघ्यांपेक्षा दुसरंच काहीतरी सैल सोडावं लागतं.

माझं नाव स्पर्धेत लागलं तेही गमतीनंच. मी आठवीतल्या चार पोरांना घेऊन गेले होते, सोबत म्हणून. नवशिक्यांचीच स्पर्धा, प्रवेश फी पन्नास रुपये. बायकांच्या खुल्या गटात दोनच नावं आली होती. आयोजकांपैकी एक जण अदबीनं माझ्याकडे आला. “मॅडम, तुम्ही नाव टाकता का? तीन झाल्या तं बक्षीस देता येते.” म्हणजे मी भिंतीला हात लावायच्या आधीच माझा तिसरा नंबर पक्का होता. पोरांनी एकच गलका केला. मग दोन रविवार सरावाला गेले. भाड्याचे बूट मिळाले, मोजे न घालता चढवायचे, आणि मापापेक्षा आखूडच घ्यायचे म्हणे, म्हणजे पायाची बोटं पुढं गोळा होऊन टोकाशी जोर लागतो. गोळा म्हणजे कशी, तर मुठीत धरलेल्या चिंचोक्यांसारखी. उतरले की आधी बूट काढायचे, मग श्वास घ्यायचा.

आमच्या पोरांना या खेळातलं माझ्यापेक्षा दसपट ठाऊक होतं, मोबाईलची कृपा. त्यांना टोकियोची ऑलिंपिकं माहीत होती, हा खेळ पहिल्यांदा तिथं आला हे माहीत होतं. नाष्ट्याला पोहे खाता खाता एकानं मला सांगितलं, “मॅडम, पॅरिसमध्ये २०२४ला त्या अमेरिकेच्या पोट्ट्यानं १५ मीटरची भिंत ४.७४ सेकंदांत चढली. लिंबू पिळाले जास्त वेळ लागते.” मग त्या पंधरा मीटरचं माप गावातल्या कशाकशाला लागतं यावर वाद झाला. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, टॉवर नको कारण टॉवर फारच उंच. मला मिळाली होती चार मिनिटं आणि चार मीटर. मिनिटाला मीटर, एवढा सोपा हिशोब, आणि तोही चुकला.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांच्या नजरा होत्या त्या मेळघाटातल्या आश्रमशाळेतून आलेल्या एका मुलावर. तो भिंतीवर चढत नव्हता, भिंतीवरून चालत होता. एकेक पाय ठेवण्याआधी त्याच्याकडे बघायचा, ठेवला की पुन्हा तिकडे बघायचा नाही. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, “यायच्या तं रक्तातच हाय, झाडावर चढनं.” बोलणारा माणूस वाईट नव्हता, पण मला ते खुपलं. तो मुलगा गेले सहा महिने दर शनिवारी एसटीनं उतरून इथं येत होता, रात्री शेडमध्येच झोपत होता. आमच्या पोरांनी एखादं गणित सोडवलं की त्याला आम्ही अभ्यास म्हणतो, आणि याच्या सहा महिन्यांना रक्त. मी काही बोलले नाही मात्र. नुसत्या टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

माझ्या गटातली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करणारी, तिच्याशी स्पर्धा करण्यात काही अर्थच नव्हता. दुसरी होती एक आशा सेविका, पस्तिशीची, बाजूच्या खेड्यातली. लसीकरणाच्या दिवशी गाठ पडायची, म्हणून तोंडओळख होती. आमची पाळी यायची होती तेव्हा ती माझ्या शेजारी बसून बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळत होती. मी तिचे हात पाहिले. शेवटचा कापूस चालू होता, सुटीच्या दिवशी ती घरच्या शेतात वेचायला जायची. बोंड वाळून उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, ती नखांच्या मुळाशी लागतात. तिच्या दहाही बोटांच्या कडांना बारीक बारीक रेघा होत्या, काही जुन्या, काही ताज्या, एकीतून जरासं रक्त आलेलं. “दुखत नाही का?” मी विचारलं. ती म्हणाली, “दुखते ना. पन कापसात दिवसभर दुखते, हे तं चारच मिनिटं.” आणि मग ती उठली आणि त्या ‘चिमट्यां’वर, ज्यांवर माझी बोटं तिसऱ्या सेकंदाला उघडत होती, अशी उभी राहिली की पंच पोरगा शिट्टी तोंडात तशीच ठेवून बघत राहिला. अनवाणी चढली ती. बूट तिच्या मापाचे नव्हतेच. पिवळा रस्ता तिनं दुसऱ्या प्रयत्नात पुरा केला, वर पोचून दोन्ही हातांनी गोळा धरला, आणि उतरायचं सोडून आधी वरून सगळं शेड बघून घेतलं.

मग माझी पाळी, आणि ते डाव्या हाताचं.

बक्षीस म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला. संक्रांतीच्या वाणात असे दोन आधीच आले होते. सोमवारी परिपाठात हेडसरांनी पोरांसमोर गुलाबाचं फूल देऊन माझा सत्कार केला, “तालुकास्तरावर तृतीय क्रमांक”. पोरं मनापासून टाळ्या वाजवत होती. तीनच जणी होतो हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. आलं आणि परत गेलं. माझ्यासोबत आलेली चौघं पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे रोखून बघत होती, पण त्यांनीही तोंड उघडलं नाही. हा त्यांचा मोठेपणा.

रात्री आईला फोनवरचा व्हिडिओ दाखवला. ती हल्ली माझ्याकडेच असते. चष्मा लावून, फोन लांब धरून, तोंडातली सुपारी एका गालात सरकवून तिनं तो सगळा पाहिला. मी म्हटलं, बघ आता, आता हात निघत नाही, बघ. ती म्हणाली, “अजून एकडाव लाव.” दुसऱ्यांदा पाहिला. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, “तुह्ये बाबा असेच उभे रायत. मळ्यात. शिडीवर.”

मी व्हिडिओ थांबवला. उजवा हात वर गेलेला, अंग किंचित उजवीकडे झुकलेलं, डावं कोपर दुमडून बरगडीशी. मान वर.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. तिकडे विड्याच्या पानांचे मळे असत, पानपिंपरीच्या वेलीही. आमचाही अर्ध्या एकराचा मळा होता. भोवती तुराट्यांचा कूड, आत हेट्याची, शेवग्याची, पांगाऱ्याची झाडं, आणि प्रत्येक झाडाला बिलगून एकेक वेल. मे महिन्यात बाहेर डोकं तापत असायचं तेव्हा आत ओल्या मातीचा आणि पानाचा तो तिखट-गोड वास, आणि प्रकाश सगळा हिरवा. चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. वेलीला पेरापेरावर बारीक मुळ्या फुटतात, त्यांनी ती झाडाला धरते, पण तेवढ्यानं भागत नाही. वाढेल तसतसं तिला बांधावं लागतं. बाबा केळीच्या वाळल्या सोपटाचे धागे काढून कमरेला खोचायचे आणि बांबूची शिडी लावून वर जायचे. धागा बांधायला दोन हात लागतात असं कुणालाही वाटेल. बाबा एका हातानं बांधायचे, एक टोक दातात धरून. मला वर चढवलं की मागून त्यांचा आवाज यायचा, “एक हात वेलीचा, एक हात शिडीचा, माय. शिडीचा हात सोडाचा नाही. वेल तुटली तं फुटते, तू नाही फुटत.” मी डाव्या हातानं शिडी धरायचे. सहा-सात वर्षांची असल्यापासून.

दुसरंही एक आठवतं. वेल टोकाला पोचली की तिला तशीच वर ठेवत नाहीत. खाली बुडाशी पानं राहत नाहीत, वरची लहान होत जातात. मग तिला झाडावरून सोडवून खाली घ्यायची, वेटोळं करून मातीत दाबायची, शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा. उतरण म्हणतात. एवढी वर चढलेली वेल बाबा मातीत पुरताना पाहून मी रडले होते म्हणे. आई सांगते, मला आठवत नाही.

सातवीत होते तेव्हा माझा मळा बंद झाला. विटाळशी बाई पानमळ्यात गेली की वेल कोमेजते. हे मी जन्मापासून ऐकत आले होते, आई महिन्यातले चार दिवस कुडाच्या बाहेर थांबायची तेही बघत होते. मला वाटलं, आपलेही चारच दिवस. पण आजी म्हणाली, आता पोरीचं काय सांगावं, नकोच. मुळीच नको. बाबा अंगणात सोपटं सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शिडीवर माझा भाऊ गेला, नऊ वर्षांचा. तो दोनदा पडला. पडल्याचा आवाज मी कुडाच्या बाहेरून ऐकला आणि मला आनंद झाला, हे इथं लिहून टाकते, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे माझं डीएड झालं त्या वर्षी मळ्यात मर आली. वेली बुडातून काळ्या पडायच्या, पानं पिवळी होऊन लोंबायची, आठवड्यात एकेक ओळ खलास. माझा पाय त्या मातीला लागून तोवर सहा-सात वर्षं झाली होती. मग वेल कुणामुळे कोमेजली हे काही आजीनं सांगितलं नाही. बाबांनी उरलेला मळा मोडून तिथं केळी लावली. शिडी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर मग आई वाळवणाच्या गोधड्या टाकायची.

बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी त्यांच्यावर रागावले होते, की त्यांनी वर पाहिलं नाही म्हणून फक्त वाईट वाटलं होतं, हे अजून मला धड ठरवता आलेलं नाही. त्या रात्री तो व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिला. प्रत्येक वेळी वाटायचं की या वेळेला हात निघेल.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. पोरांना सांगितलं नाही. घरात सांगितलं, एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू आहे. पर्समध्ये ट्रॅकपँट. डोक्यात सगळा हिशोब तयार होता, डावा पाय जरा वर ठेवायचा, कंबर भिंतीला चिकटवायची, म्हणजे हातावरचा भार आपोआप कमी होतो आणि तो उचलला जातो. शिकवणाऱ्या मुलानं तेच सांगितलं होतं, हात अडला की पायाकडे बघा. शेडमध्ये शिरले तर भिंत कोरी. शेकडो भोकांचं नुसतं प्लायवूड, आणि जिथं तुकडे होते तिथं बोटांच्या आणि बुटांच्या काळपट-पांढऱ्या डागांचे ठसे. स्पर्धा झाली की सगळे तुकडे काढून धुतात आणि नवे रस्ते लावतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यात नळापाशी तो पंच पोरगा आणि मेळघाटातला मुलगा बसले होते. मधे दोन घमेली, साबणाचं पाणी, आणि ताडपत्रीवर धुतलेले तुकडे वाळत घातलेले, पापडांसारखे, रंगारंगानं. “या ना मॅडम,” पंच पोरगा ओशाळून हसला. बहुधा मी तक्रार करायला आले असं त्याला वाटलं. मी पर्स खुंटीला अडकवली आणि खाली बसले. न धुतलेल्या ढिगात पिवळे होते. तो गोळा शोधायला फार वेळ लागला नाही, मागची खोबण बोटांना ओळखू आली. वर असताना केवढा वाटला होता. दीड-दोन किलोचा असेल, मधोमध बोल्टचं भोक, खोबणीत पांढऱ्या पुडीचा थर घामानं घट्ट बसलेला. त्यात माझाही घाम असणार, आणि तिच्या बोटाचं जरासं रक्तही असेल.

मेळघाटातल्या मुलानं माझ्याकडे एक जुना टूथब्रश सरकवला. मी गोळा डाव्या हातात घट्ट धरला आणि उजव्या हातानं घासायला लागले.

“खोबनीत जोर लावा मॅडम,” तो म्हणाला, “तिथंच निघत नाही.”